‘मातशें सोस गे’ म्हणणाऱ्या माझ्या पार्लरवाल्या भगिनींना

गोव्यातल्या ब्युटी पार्लर चालवणाऱ्या आणि पार्लरचं काम शिकवणाऱ्या सर्व भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

मी डिचोलीत पार्लर चालवते, त्याला यंदा सव्वीस वर्षं झाली. चवथीच्या आधीचा आठवडा, तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त, डिसेंबर-जानेवारीतली ख्रिस्ती लग्नं, या दिवसांत आपल्याला जेवायलाही उसंत नसते. तरी हे पत्र सवड काढून शेवटपर्यंत वाचा, एवढी विनंती. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. बाहेरच्या कुणी आपल्या धंद्याची गोष्ट चव्हाट्यावर मांडण्याआधी आपल्यातल्याच एकीने ती बोलावी, म्हणून लिहायला बसले.

गोष्ट एका वाक्याची आहे. वॅक्सची पट्टी ओढताना, स्ट्रेटनिंगची प्लेट टाळूजवळ नेताना, डाय लावून बसवलेली बाई कपाळ खाजवायला लागली की आपण म्हणतो, ‘मातशें सोस गे बाय, आता झालंच.’ म्हणजे, जरासं सहन कर. हे वाक्य मी माझ्या मॅडमकडून शिकले. मी कोर्स करत होते तेव्हा पर्मिंगची, म्हणजे केस टिकाऊ कुरळे करून घ्यायची, फॅशन होती आणि प्रयोगाला आम्हा शिकाऊ मुलींचीच डोकी असत. माझ्या केसांना रॉड लावून लोशन ओतलं आणि मॅडम दुसऱ्या बॅचकडे गेल्या. थोड्या वेळाने टाळूला मुंग्या आल्या, मग आग व्हायला लागली. मी हाक मारून सांगितलं. त्या तिथूनच म्हणाल्या, ‘सुंदर दिसायचं तर सोसावंच लागतं.’ कानामागे धरलेली खपली पंधरा दिवस होती. वाईट याचं वाटतं, की तेव्हा मला मॅडमचा राग आला नाही. आपण सोसलं याचा अभिमान वाटला. पुढे माझ्या हाताखाली मुली शिकायला आल्या, तेव्हा त्यांनाही मी हेच वाक्य दिलं.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका लग्नघरातली आई माझ्याकडे केस रंगवायला आली. मुलीचं लग्न दोन दिवसांवर होतं. ती माझी जुनी कस्टमर, दहा वर्षं तोच डाय, तीच छटा. मध्ये दोनेक वर्षं तिने केस रंगवणं सोडलं होतं, ते लग्नासाठी पुन्हा सुरू करायचं होतं. डाय लावून पंधरा मिनिटं झाली तेव्हा ती म्हणाली, कानाच्या वर खाज येते. मी म्हटलं, उकाडा आहे गे, घामाने होतं, मातशें सोस. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचाच फोन आला. मी धावत गेले. आईच्या दोन्ही पापण्या पुरी फुगावी तशा टम्म झाल्या होत्या, डोळ्यांच्या जागी दोन चिरा तेवढ्या दिसत होत्या. केसांच्या रेषेवर, कपाळावर पिवळं पाणी झरत होतं. इस्पितळात नेलं, इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या. सूज उतरायला आठवडा गेला आणि लग्न काही थांबणार नव्हतं. मंगलाष्टकं संपली तेव्हा मी तिच्या शेजारी उभी होते. तिने एका हाताच्या दोन बोटांनी आपली पापणी वर धरली, मुलीकडे पाहिलं आणि दुसऱ्या हाताने अक्षता टाकल्या. तिने मला त्या दिवशी नि त्यानंतरही एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

इस्पितळात डॉक्टरांनी तिला पहिला प्रश्न विचारला तो मला अगदी अनोळखी होता. ‘कधी काळी मेंदी काढून घेतली होती का?’ हो, घेतली होती. दोन वर्षांपूर्वी मुंबईची भाची आली होती, सगळी मिळून किनाऱ्यावर गेली होती. तिथे एका फिरत्या माणसाकडून तिने हौसेने मनगटावर एक वेल काढून घेतली. अर्ध्या तासात कुळकुळीत काळी. नंतर आठवडाभर मनगट खाजलं आणि वेलीच्या जागी वेलीच्याच आकाराचे फोड आले, तेही तिने सोसलं. डॉक्टरांनी समजावलं ते असं: खऱ्या मेंदीचा रंग आधी नारिंगी येतो, मग तांबूस-तपकिरी होतो, आणि त्याला तास न् तास लागतात. अर्ध्या तासात काळी होणारी मेंदी बहुधा मेंदी नसते, तिच्यात केसांच्या डायमधलं पॅरा-फेनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी, घातलेलं असतं, आणि तेही कातडीवर थेट. एकदा शरीराने त्याच्याशी वैर धरलं की ते वैर सहसा जन्मभराचं. पुढच्या वेळी तेच रसायन डायमधून आलं की शरीर चवताळून उठतं. म्हणजे दहा वर्षं काही झालं नाही, हा भरवसा त्या वेलीने कधीच मोडून ठेवला होता. मला ते कळायला आदल्या दिवशी कानामागे लावलेला डायचा एक ठिपका पुरेसा झाला असता.

त्या रात्री घरी येऊन मी डायचं खोकं उघडलं. आतला घडीचा कागद इतक्या वर्षांत मी एकदाही पुरता वाचला नव्हता. पीपीडी असलेल्या डायवर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा छापायचा, हा आपल्या देशाचा नियमच आहे. कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडा डाय लावा, चोवीस तासांनी धुऊन पाहा, खाज-लाली नसेल तरच पुढे जा, आणि ही चाचणी प्रत्येक वेळी करा. त्याच्याच जवळ आणखी एक ओळ होती. पापण्यांना किंवा भुवयांना हा डाय लावू नका, आंधळेपण येऊ शकतं. मी त्या शब्दापाशी अडखळले. केसांच्या डायच्या खोक्यावर आंधळेपण कुठून आलं? कुणाचे तरी डोळे गेल्याशिवाय असा शब्द खोक्यावर चढत नाही, एवढं मला कळत होतं. ते शोधायला मी सुट्टीच्या वारी पणजीला, पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जायला लागले. तिथे जे वाचलं ते मला कोर्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं, तुम्हालाही शिकवलं नसणार.

१९३३ च्या सुमारास अमेरिकेत ‘लॅश ल्युअर’ नावाचा पापण्या-भुवयांचा डाय पार्लरमधून लावला जात होता. त्यात हेच पीपीडी होतं. बायकांच्या डोळ्यांना व्रण पडले, एकीची दृष्टी गेली, एक दगावली. तेव्हा तिथे औषधांचा कायदा होता, पण १९०६ च्या त्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनांचा समावेशच नव्हता, त्यामुळे सरकारला ते बाजारातून उचलता येईना. मग तिथल्या अन्न-औषध खात्याच्या लोकांनी एक प्रदर्शन मांडलं. अशा वस्तू आणि त्या वापरलेल्या बायकांचे आधीचे नि नंतरचे फोटो शेजारी शेजारी. वर्तमानपत्रवाल्यांनी त्याला ‘अमेरिकेचं भयदालन’ असं नाव दिलं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनीही ते पाहिलं. १९३८ मध्ये नवा कायदा झाला. त्या कायद्यात केसांच्या डायवर जो इशारा छापायला सांगितला आहे, तो जवळजवळ शब्दाला शब्द आपल्या खोक्यावर आहे. आपण कात्रीने फोडून केराच्या डब्यात टाकतो त्या खोक्यावर.

तिथून माझं वाचन वाढत गेलं आणि ते जुन्या यंत्रांपाशी जाऊन पोचलं. ज्या पर्मिंगने माझी टाळू भाजली, त्याची सुरुवात कार्ल नेस्लर या जर्मन केशभूषाकाराने केली. १९०५-०६ च्या सुमारास लंडनला ऑक्सफर्ड स्ट्रीटवर त्याने ते पहिल्यांदा लोकांसमोर करून दाखवलं. केस पितळेच्या नळ्यांवर गुंडाळायचे, त्यांना कॉस्टिक सोडा लावायचा आणि नळ्या शंभर अंश सेल्सिअसच्या वर तापवायच्या. एकेक नळी सुमारे नऊशे ग्रॅमची, अशा बारा. म्हणजे जवळजवळ अकरा किलो गरम पितळ एका बाईच्या डोक्यावर. ते टाळूला टेकू नये म्हणून वर झुंबरासारखा सांगाडा टांगून वजनं लावून तोललेलं असे. बाई सहा तास त्याखाली बसे. मान हलवायची सोय नाही, उठायची सोय नाही. आपल्याकडे देवळातली समई साखळीला टांगतात तसं ते दिसत असेल, असं मला चित्र पाहताना वाटलं, फक्त खाली जिवंत माणूस.

पण मला झोप लागू दिली नाही ती वेगळ्याच माहितीने. लोकांसमोर दाखवण्याआधी नेस्लरने प्रयोग कुणावर केले? बायकोवर. कातारिना तिचं नाव. पहिल्या दोन वेळांना तिचे केस पुरते जळून गेले आणि टाळूही भाजली. तरी ती तिसऱ्यांदा बसली. नेस्लरचं नाव सगळीकडे आहे, कातारिनाचं नाव शोधावं लागतं. पहिल्या वेळी भाजल्यावर तिला तो काय म्हणाला असेल, हे कुठे लिहिलेलं नाही. मला मात्र आपलंच वाक्य ऐकू आलं.

त्याच्याही आधी, १८७२ च्या सुमारास, पॅरिसमध्ये मार्सेल ग्राटो याने तापवलेल्या चिमट्याने केसांना लाटा पाडायची पद्धत काढली. ती करणारे लोक चिमटा आधी कागदावर दाबून पाहत. कागद तपकिरी झाला तर थांबायचं, चिमटा निवू द्यायचा. किती साधी गोष्ट! दीडशे वर्षांपूर्वी, थर्मोस्टॅट नसताना, कागदाच्या चिटोऱ्यावर चाचणी होत होती. आपल्याकडे प्लेटवर तापमानाचा आकडा दिसतो म्हणून आपण ती चाचणीही सोडली.

आता एक अशी गोष्ट सांगते की जिथे दुखण्याचा प्रश्नच नव्हता. ती तुम्ही नीट वाचा, कारण ‘दुखलं तर थांबू’ एवढ्यावर आपलं भागणार नाही हे मला तिच्यामुळे कळलं. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या डॉ. अल्बर्ट गायझर यांनी ‘ट्रायको’ नावाचं यंत्र काढलं. हनुवटीवरची, ओठांवरची लव कायमची घालवणारं. चकचकीत लाकडी पेटी, तिला एक लहानशी खिडकी. बाईने खिडकीला चेहरा लावून काही मिनिटं बसायचं. सुई नाही, मेण नाही, धागा नाही, काही म्हणजे काही जाणवत नसे. लव मात्र खरंच गळून पडे. आत होते एक्स-रे. ही यंत्रं पार्लरमध्ये बसवली होती आणि चालवणाऱ्या आपल्यासारख्याच बायका होत्या, त्यांना थोडंफार शिकवून बसवलेलं. काही महिन्यांनी, काहींना काही वर्षांनी, गालांची कातडी सुरकुतली, पांढरे डाग पडले, न भरणारे व्रण झाले, पुढे कर्करोग झाला. १९२९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने उघड निषेध केला आणि १९३० च्या सुमारास ती कंपनी बंद पडली. बायकांच्या आत जे पेरलं गेलं होतं, ते मात्र पुढे कितीतरी वर्षं उगवत राहिलं. त्या खिडकीशी बसवताना यंत्र चालवणारीने त्यांना मायेनेच सांगितलं असणार, की काही होत नाही, मी रोज करते.

बाकीची यंत्रं भराभर सांगते. १८७५ मध्ये अमेरिकेत मादाम रावली यांनी चेहराभर बसणाऱ्या रबरी मुखवट्याचं पेटंट घेतलं. आठवड्यातून तीन रात्री तो बांधून झोपायचं. आपल्या मे महिन्यात रबराचं तोंड घालून निजायची कल्पना करा. १८९६ मध्ये बर्लिनच्या मार्टिन गोत्झे यांनी गालाला खळी पाडायला सुताराच्या गिरमिटासारखं अवजार काढलं: टोकाचा गोळा गालावर टेकवायचा आणि दांडा फिरवत राहायचं. १९३६ मध्ये इझाबेला गिल्बर्ट यांनी त्याच कामासाठी स्प्रिंग काढली, ती चेहऱ्यावर चढवली की दोन गोळे दोन गालांत रुतत. मॅक्स फॅक्टर यांनी सिनेमातल्या नट्यांचा चेहरा मापायला धातूच्या पट्ट्यांचा नि स्क्रूंचा पिंजरा बनवला होता. तो निदान मापायचाच होता, नेहमी घालून फिरायचा नव्हता. आणि रिलॅक्सासायझर नावाचं, पोटाच्या स्नायूंना विजेचे झटके देऊन बारीक करण्याचं यंत्र १९४९ पासून दोन दशकं घरोघर विकलं गेलं, चार लाखांच्या वर खपलं. १९७० मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने ते धोकादायक ठरवून बंद केलं.

हे सगळं वाचून ‘त्या काळच्या बायका भोळ्या होत्या’ असं म्हणायचा मोह होतो. मलाही झाला. पण गेल्या पावसाळ्यात कॉलेजात जाणारी एक मुलगी थ्रेडिंगला आली. नाकाच्या दोन्ही बाजूंना, चष्म्याचे वण पडतात तिथून खाली, काळपट चट्टे. चष्मा तर नव्हता. खोदून विचारलं तेव्हा तिने पर्समधून प्लास्टिकचा एक चिमटा काढून दाखवला. नाक सरळ नि बारीक करणारा, ऑनलाईन मागवलेला, रोज तासभर लावायचा. मी तो माझ्या नाकाला लावून पाहिला. दोन मिनिटांत डोळ्यांना पाणी आलं, तोंडाने श्वास घ्यावा लागला. ती चार महिने लावत होती. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत ट्रायलेटी नावाच्या गृहस्थाने ‘ट्राडोस’ नावाचा नाक सुधारणारा साचा विकायला काढला होता, धातूचा, पट्ट्याने डोक्याला बांधायचा, स्क्रूने आवळायचा. त्याची जाहिरात मी मोबाईलवर काढून तिच्या चिमट्याच्या शेजारी धरली. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘ताई, हाडाला काही होत नाही ना याने?’ मी खरं ते सांगितलं. वाढ झालेल्या माणसाच्या नाकाचा आकार चिमट्याने बदलत नाही, कातडी तेवढी काळी पडते. चिमटा ती माझ्याकडेच ठेवून गेली.

आणि आपल्या घरात काय कमी आहे? माझ्या आजीच्या कानाच्या पाळ्या ओघळून मानेपर्यंत आल्या होत्या, एक तर तुटून तिची दोन टोकं लोंबत होती. जन्मभर घातलेल्या जड कुड्यांनी. आम्हा नातवंडांना ते खेळणं वाटे. चुडा भरायला बसलेली नवरी तुम्ही पाहिलीच आहे, हिंदू असो की ख्रिस्ती. काकणं जितकी तंग, तितका चुडा चांगला, असं मानतात. भरणारा माणूस अंगठ्याच्या बुडाचं हाड दाबून हात असा काही निमुळता करतो की नवरीच्या कपाळाला घाम फुटतो आणि भोवतीच्या बायका म्हणतात, सोस गे. चुड्याविरुद्ध माझं काही नाही. माझ्या हातांतही हिरवी काकणं भरली गेली तेव्हा मला आनंदच झाला होता. मला एवढंच दिसतं, की हे वाक्य आपण पार्लरमध्ये शिकत नाही, ते घरून घेऊन येतो. कस्टमरही ते घरून घेऊन येते. म्हणून ती खाज आली तरी गप्प बसते. गप्प बसणाऱ्या बाईच्या डोक्यावर काम करताना आपली जबाबदारी दुप्पट होते.

लग्नाच्या रात्री नवरीचे केस सोडायला एकदा मला बोलावलं होतं. आंबाडा मीच सकाळी घातला होता, वर एक्स्टेन्शन, त्यावर अबोलीचा गजरा, त्यावर सोन्याची फुलं. मी आकडे काढत ताटलीत टाकत गेले आणि सहज मोजले. त्रेसष्ट. शेवटचा निघाला तेव्हा त्या पोरीने दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि ‘आई गं’ म्हणून जे डोळे मिटले, ते पाच मिनिटं उघडले नाहीत. सकाळपासून ती फोटोत हसत होती. आता मी आंबाडा घालताना अर्ध्यावर थांबते, नवरीला मान डावीकडे-उजवीकडे फिरवायला सांगते आणि विचारते. चाळीस आकड्यांत तोच आंबाडा बसतो, बारा तास टिकतो. मी करून पाहिलं आहे.

तर माझं मागणं काय ते सांगते. डाय लावायला बाई आली तर आदल्या दिवशी ठिपका, मग काम. ओळखीची असो, दहा वर्षांची असो. काळी मेंदी कधी काढली होती का, हा प्रश्न आपण गोव्यातल्या पार्लरवाल्यांनी तर विचारलाच पाहिजे, कारण ती आपल्या किनाऱ्यांवर मिळते. काळ्या मेंदीचा कोन आपल्या पार्लरमध्ये ठेवायचाच नाही, कस्टमरने हट्ट धरला तरी. भुवयांना केसांचा डाय नाही म्हणजे नाही. केराटिन-स्ट्रेटनिंगची बाटली घेताना तिच्यात फॉर्मल्डिहाइड आहे का, हे वाचून घ्या. २००४ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते माणसात कर्करोग करणारं म्हणून नोंदवलं आहे. पावसाळ्यात एसी लावून, खिडक्या बंद करून प्लेट फिरवताना आपल्याच मुलींचे डोळे झोंबतात, घसा धरतो. कस्टमर तासाभराने घरी जाते, त्या मुली दिवसभर तिथेच असतात. ‘ट्रायको’ चालवणाऱ्या बायकांचं पुढे काय झालं, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणि ज्या शिकवता त्यांना: आयटीआयमध्ये कॉस्मेटोलॉजीचा कोर्स असो की खासगी वर्ग, पहिल्या आठवड्यात मुलींना हा इतिहास दाखवा. भिंतीवर एक फळा पुरे. झुंबराखाली बसलेली बाई, ‘ट्रायको’ची खिडकी, ‘लॅश ल्युअर’चे आधीचे-नंतरचे फोटो, नाकाचा साचा, आणि त्यांच्या शेजारी आजच्या डायचं उघडलेलं खोकं. वाचून दाखवा, मोठ्याने, पापण्यांच्या ओळीसकट. माझ्याकडचा प्लास्टिकचा चिमटा मी द्यायला तयार आहे. शिकाऊ मुलीच्या डोक्यावर प्रयोग करायचा असेल तर आधी तिला विचारा, चाचणी करा, आणि ती ‘आग होते’ म्हणाली तर तिथल्या तिथे धुवा. जी आज ‘थांबा’ म्हणायला शिकेल, तीच उद्या कस्टमरचं ‘थांबा’ ऐकेल.

मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणाल. चाचणीला परत यायला सांगितलं की कस्टमर शेजारच्या पार्लरात जाते. खरं आहे. माझ्या गेल्या आहेत. पहिल्या वर्षी डायचं निम्मं गिऱ्हाईक तुटलं आणि दुकानाचं भाडं काढताना नाकी नऊ आले. म्हणून तर हे पत्र एकट्या-दुकट्या मैत्रिणीला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळीकडेच जर तिला ‘उद्या या’ असं ऐकू आलं, तर ती जाणार कुठे? ठिपक्याचे पैसे मी घेत नाही. वाटेवर येता-जाता दोन मिनिटांचं काम आहे. दूरच्या बायकांना मी थोडा डाय लहान डबीत बांधून देत असे, पण मग लक्षात आलं की तो कालवून ठेवला तर खराब होतो. आता त्यांना बाजाराच्या दिवशी यायला सांगते, म्हणजे वेगळी खेप पडत नाही.

ती आई, जिची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, अजून माझ्याकडे येते. केस पांढरेच ठेवते, फक्त कापून घेते. थ्रेडिंग करताना एकदा दोरा कातडीत अडकला तर ती पटकन ‘आव’ म्हणाली आणि लगेच, ‘नाही गे, तू कर, काही नाही.’ मी दोरा खाली ठेवला. तिला आरसा दिला, पाणी दिलं, मग पुन्हा सुरू केलं.

आज संध्याकाळी चार वाजता एका बाईच्या उजव्या कानामागे मी ठिपका लावला आहे. वहीत तिचं नाव, डायचं नाव नि वेळ लिहिली आहे. परवा तिच्या भावाकडे मुंज आहे. उद्या चारला ती आली की केस बाजूला करून बघेन.

तुमचीच,
डिचोलीतली एक पार्लरवाली